खोलीच्या मापाची हवा

मुंबईत थंडी पडते ती समोरचं दिसेनासं होण्यापुरती. समुद्रावरचा वारा मंदावतो, धूळ जागच्या जागी बैठक मारते आणि समोरचा टॉवर अर्धाच उरतो. सकाळी फिरायला जाणारे आमचे ज्येष्ठ त्याला धुकं म्हणतात आणि फुकटात महाबळेश्वर झाल्याचं समाधान मानतात. बाकीचे खोकतात. २०२३ च्या ऑक्टोबरात महापालिकेनं बांधकामांना हिरवं कापड आणि पत्र्याचं उंच कुंपण सक्तीचं केलं. आता धूळ कापडाआडून येते.

तेव्हा एअर प्युरिफायर घ्यायचा ठरला. आमच्याकडे वस्तू ठरवते बायको. मला नंतर आकडेमोडीला बसवतात. दुकानात खोक्यावर ठळक लिहिलं होतं, ‘५०० चौरस फुटांपर्यंत’. विक्रेता म्हणाला, “सर, एकात अख्खं घर!” हिनं शांतपणे विचारलं, “हे पाचशे कार्पेट की सुपर बिल्टअप?”

पोरगा हसला. पण प्रश्न बिनतोड होता. २०१६ च्या रेरा कायद्यानं बिल्डरला कार्पेट एरिया सांगणं भाग पाडलं. प्युरिफायरच्या खोक्याला अजून कोणी रेरा लावलेला नाही. त्या पाचशेत लॉबी, जिना, गच्ची सगळं धरलेलं असतं. म्हणजे असं, की यंत्र खोलीतली हवा तासातून किती वेळा गाळणार, ते खोक्यावर ठळक लिहीत नाहीत. तासाला एकदाच गाळायची म्हटली तर लहानसं यंत्रही लग्नाचा हॉल सांभाळल्याचा दावा करील. प्रदूषणाच्या दिवसांत पाचेक वेळा तरी गाळली जायला हवी. आता पाचशेला पाचानं भागा. खोली उरते शंभर फुटांची, म्हणजे आमच्या मुलाची, आणि तीही त्यातला पसारा काढला तर.

खरा आकडा खोक्याच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात असतो. त्याचं नाव सीएडीआर. तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा बाहेर पडते, ते हा सांगतो. हिशेब चौथीच्या पोराला जमेल असा. आमची बेडरूम दहा बाय बारा, छत दहा फुटांवर, म्हणजे १,२०० घनफूट. पस्तीस घनफुटांचा साधारण एक घनमीटर धरा, म्हणजे ३४ घनमीटर. त्याला पाचानं गुणलं की १७०. एवढा सीएडीआर हवा. अमेरिकेत चौरस फुटांच्या दोन तृतीयांश एवढा घनफूट प्रतिमिनिटाचा आकडा घ्यायचा ठोकताळा आहे, पण तो आठ फुटी छताचा. जुन्या चाळीत किंवा वाड्यात छत बारा फुटांवर असतं. तिथे हा ठोकताळा लावला, तर स्वच्छ हवा गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच पुरेल.

एवढ्यावर भागत नाही. सीएडीआर मोजतात पूर्ण वेगावर, आणि पूर्ण वेगावर ते यंत्र इतकं बोलतं की बायकोला माझ्याशी बोलायला हातवारे करावे लागतात. मग रात्री आपण त्याला ‘स्लीप’वर टाकतो. यंत्र झोपतं, आपण झोपतो, धूळ जागी राहते. म्हणून हिशेबापेक्षा बरंच मोठं घ्यावं आणि सावकाश चालवावं. विक्रेत्याला हे ऐकून आनंद झाला. त्याच्या आयुष्यात गिऱ्हाइकाचं आणि त्याचं पहिल्यांदाच एकमत होत असावं. त्या भरात त्यानं आयोनायझरही दाखवला. त्यातून ओझोन बाहेर पडू शकतो, म्हणून तो आम्ही दुकानातच ठेवला.

यंत्र घरी आलं आणि खरा वाद पेटला: खोली म्हणजे कुठून कुठपर्यंत? बाबांच्या मते खेळती हवा हवीच, म्हणून खिडकी उघडी. मग त्या बिचाऱ्या यंत्राच्या वाट्याला आमची खोली नव्हे, अख्खं उपनगर आलं. आईनं देवापुढे उदबत्ती लावली की त्याचा दिवा लाल होतो. आई म्हणते, “बघ, त्यालाही कळतं देवाचं.” फोडणीला मोहरी तडतडली तरी लाल. हॉल आणि स्वयंपाकघर एकात असेल, तर दोन्हींचं घनफळ मिळवून धरा आणि फोडणीच्या वेळी आधी चिमणी लावा. तळणीचा धूर खायला प्युरिफायर आणणं परवडत नाही. फिल्टर लवकर भरतो आणि नव्याची किंमत ऐकल्यावर भज्यांची चव जाते.

चांगला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के पकडतो, हे खरं. पण त्याच्यापर्यंत पोचलेलेच. सोफ्यामागे, पडद्याआड, कोपऱ्यात ‘शोभेला बरा’ म्हणून सारलेल्या यंत्राकडे कण स्वतःहून चालत येत नाहीत. आणि बंद खोलीत माणसांच्या श्वासानं वाढलेला कार्बन डायऑक्साइड तो काढत नाही, त्यामुळे बाबांची खिडकीही पूर्ण चुकीची नाही. दुपारी हवा बरी असेल तेव्हा ती थोडी उघडतो. बाबांना जिंकल्यासारखं वाटतं.

माझं मत विचाराल तर अख्ख्या घराच्या फंदात पडू नका. जिथे सात-आठ तास झोपता त्या एका खोलीसाठी ऐसपैस सीएडीआरचं यंत्र घ्या आणि दार लावा. दुकानात जाताना लांबी, रुंदी आणि उंची चिठ्ठीवर लिहून न्या. आणि ज्या विक्रेत्याला घनमीटरचा आकडा सांगता येत नाही, त्याच्याकडून फार तर पंखा घ्या.