एकशे एकाचा आहेर

डॉक्टरांच्या अक्षरावर विनोद करून आपल्या दोन-तीन पिढ्यांनी वेळ मारून नेली. आता तो धंदा बसणार. चिठ्ठी कॉम्प्युटरवरून निघणार, छापील निघणार आणि तिच्यावर काय लिहिलंय ते कुणालाही वाचता येणार, असे दिवस आले आहेत. सातबारा ऑनलाइन झाला, मग तापाच्या गोळीनेच काय घोडं मारलंय?

तशी ही गोष्ट आजची नाही. डॉक्टरांनी औषधं जेनेरिक नावाने, वाचता येतील अशी आणि जमल्यास कॅपिटल अक्षरांत लिहावीत, अशी दुरुस्ती भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ सालीच आपल्या आचारनियमांत केली. डॉक्टर मंडळींनी या फर्मानाला उत्तरही दिलं असेल, पण ते हाताने लिहिलेलं असल्यामुळे अजून कुणाला लागलेलं नाही. २०१८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने, वाचता न येणारे जखमांचे अहवाल पाठवले म्हणून तीन डॉक्टरांना प्रत्येकी पाच हजारांचा दंड ठोकला. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयापुढे असाच एक वैद्यकीय अहवाल आला आणि न्यायमूर्तींना त्यातलं अक्षर लागेना. वाचता येणारी चिठ्ठी हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यांनी सांगून टाकलं. दोन वर्षांत संगणकी चिठ्ठ्या आणा, तोवर कॅपिटलमध्ये लिहा, असा हुकूमही सोडला.

हक्क चंदीगडच्या त्या कोर्टात मिळाला. तो बोरी अरबला पोचेपर्यंत त्याचं काय होतं, ते बघण्यासारखं आहे.

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालं की अडाण नदीच्या काठी हे गाव लागतं. कापूस, सोयाबीन, तूर यांचा मुलूख. इथे चिठ्ठी वाचायची रीत ठरलेली आहे, ती म्हणजे मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचायची नाही. तो आधी पेशंटचा चेहरा बघतो, मग चिठ्ठी कोणत्या डॉक्टरची ते बघतो, मग दिवस कोणते चालू आहेत ते आठवतो. पेरणीचे असले तर कंबर, नदीला गढूळ पाणी आलं असलं तर हगवण, थंडी पडली असली तर दमा. एवढं झाल्यावर कागदावरच्या लाटेकडे एक नजर टाकतो आणि फळीवरून खोकं काढतो. बहुतेक वेळा खोकं बरोबर निघतं. याला कुठल्याही विद्यापीठाची पदवी मिळत नाही, हा त्या विद्येवरचा अन्याय आहे.

इंग्लंडमध्ये एकदा खोकं चुकलं. डॉक्टरने छातीच्या संसर्गासाठी अमॉक्सिल लिहिलं, दुकानदाराने डाओनिल वाचलं. डाओनिल ही साखर उतरवायची गोळी. ज्याला साखरेचा आजारच नव्हता, अशा माणसाच्या पोटात ती गेली आणि मेंदूला कायमची इजा झाली. प्रकरण अपील कोर्टात गेलं. १९८९ मध्ये कोर्टाने दोषाची वाटणी कायम केली: दुकानदार पंचाहत्तर टक्के, डॉक्टर पंचवीस टक्के. म्हणजे अक्षर ज्याचं त्याला चार आणे आणि ते वाचण्याचं धाडस करणाऱ्याला बारा आणे. आपल्याकडच्या मेडिकलवाल्यांनी हा निकाल चौकटीत बसवून गल्ल्याच्या वर, लक्ष्मीच्या शेजारी लावावा.

तेव्हा छापील चिठ्ठी यायलाच हवी, यात वाद नाही. ती आली, त्या दिवसाचं चित्र डोळ्यांपुढे आणा. आजी दवाखान्यातून बाहेर पडल्या आहेत. हातात कोरा करकरीत कागद, वर दवाखान्याचा रंगीत शिक्का. सोबत तिसरीतला नातू, कारण घरात सध्या तोच मोकळा.

"वाच बापू, काय लिवलं?"

नातवाला इंग्रजी नावं जमली नाहीत, अंक जमले. प्रिंटरची शाई संपत आली होती, त्यामुळे अंकांच्या मधल्या बारीक आडव्या रेघा उमटल्याच नव्हत्या.

"आजे, एकशे एक लिवलं हाय."

"एकशे एक? अवं माय! डाक्टरले आहेर कराचा हाय का आता?"

मेडिकलवाल्याने कागद हातात घेतला, वाचला (आयुष्यात पहिल्यांदा) आणि मग आपलं जुनंच काम केलं. स्ट्रिपच्या पाठीवर बॉलपेनने दोन उभ्या रेघा ओढल्या आणि म्हणाला, "आजी, एक गोई सकायी, एक सांजीले. जेवल्यावर. उपाशी नाई घ्याची." आजींना समजलं. कोणत्याही सर्व्हरला त्रास झाला नाही.

सर्व्हरचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमची शकुंतला रेल्वे रुळावर होती तेव्हा ती दारव्ह्याहून निघाली एवढं कळायचं, पोचणार कधी ते कळायचं नाही. आमच्याकडच्या नेटचा कारभार तिच्याच वळणावर गेलेला आहे. पडद्यावर चक्र फिरत राहतं. बाजाराच्या दिवशी बाहेर बाकावर जागा नसते, आत डॉक्टर त्या चक्राकडे बघतात, पेशंट डॉक्टरांकडे बघतो. मग लाईट जाते. मग डॉक्टर खणातून जुनं पॅड काढतात आणि गावाचा जीव भांड्यात पडतो.

डॉक्टरांचीही बाजू आहे. समजा त्यांनी इंग्रजीत 'मेट' एवढंच टाईप केलं. खाली यादी उघडते: मेटफॉर्मिन, मेटोप्रोलॉल, मेट्रोनिडाझोल. पहिलं साखरेचं, दुसरं रक्तदाबाचं, तिसरं हगवणीचं. बोट एक ओळ खाली सरकलं की चुकीचं औषध अतिशय सुंदर अक्षरांत छापून बाहेर येतं. हाताच्या फराट्याबद्दल मेडिकलवाल्याला शंका यायची, तो फोन करून विचारायचा. छापील मजकुरावर शंका घ्यायची आपल्याकडे रीत नाही. २००५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या अशा संगणकी यंत्रणेचा अभ्यास झाला, तेव्हा तिच्यामुळे औषधांच्या चुका व्हायच्या बावीस तऱ्हा सापडल्या. बावीस! हाताने लिहून इतकी विविधता साधणं कुणाला जमलं नसतं.

यंत्र सावधही करतं, हे मान्य. पेशंट रक्त पातळ करायची गोळी घेतोय, त्यात अंगदुखीची ही गोळी देऊ नका, असं ते वेळेवर सांगतं, आणि त्यात कुणाचा जीव वाचू शकतो. पण ते इतक्या बारीकसारीक गोष्टींवरून ओरडतं की दहाव्या सूचनेपर्यंत डॉक्टरांचं बोट आपोआप 'ओके'वर जातं. अकरावी सूचना खरी असते.

सरकारी बाजूला ई-संजीवनी आहे. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, डॉक्टर दूर कुठेतरी पडद्यावर दिसतात आणि चिठ्ठी मोबाईलवर उतरते. कल्पना चांगली आहे. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की दारव्हासुद्धा लांब होतं, हे ज्याला माहीत आहे तो तिला हसणार नाही. अडचण घरगुती आहे. साखर आजींना, मोबाईल नंबर मुलाचा, मुलगा पुण्यात. आईला दिवसातून किती गोळ्या, हे हिंजवडीत कळतं, बोरी अरबात कळत नाही. मग मुलगा तो कागद व्हॉट्सॲपवर शेजाऱ्याला पाठवतो. याला कुणी गावठी जुगाड म्हणू नये. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो मेसेजवरून पाठवला तरी चालेल, असं मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटलेलं आहे.

आणि सही हातानेच झाली तर जुन्या कलेचा एक कोपरा शाबूत राहतो. औषधांच्या १९४५ च्या नियमांत, पासष्टाव्या कलमात, चिठ्ठीवर डॉक्टरची नेहमीची सही आणि तारीख लागते. सगळं छापून झालं की डॉक्टर खाली पेन टेकवतात आणि कुणालाही न कळणारी ती एक रेघ मारून मोकळे होतात.

इथवर गंमत होती. पुढे नाही. सांधेदुखीच्या एका आजारात मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर रक्तातल्या पेशी कमी होतात, तोंडात फोड येतात, माणूस दगावूही शकतो. जगभर असे बळी गेले आहेत. चिठ्ठीवर इंग्रजीत 'आठवड्यातून एकदा' अगदी स्वच्छ छापलं, तरी ज्या बाईला इंग्रजी येत नाही तिच्या दृष्टीने ती गिचमीडच. अक्षर सुधारलं ते कोर्टासाठी, विमा कंपनीसाठी, मेडिकलवाल्यासाठी. जी गोळी गिळणार आहे, तिचं या यादीत नाव कुठे आहे?

याच यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. डब्यावरचा बारीक मजकूर कितीजण वाचतात, याची चर्चा तेव्हा गावोगाव झाली. तरीही कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांत, डबा ज्या मुलखात विकायचा तिथल्या भाषेत माहिती द्यायला सांगितलेलं आहे, आणि विष किती जहाल ते रंगाने दाखवायला सांगितलेलं आहे. बोंडअळीवर मारायच्या औषधाला मराठी पत्रक आहे. माणसाने घ्यायच्या औषधाची चिठ्ठी मात्र इंग्रजीत, आणि तिचं भाषांतर नातू करणार.

कॉम्प्युटरला मराठी यायला काही अडचण नाही. लग्नपत्रिका, बॅनर, दहाव्याचं कार्ड, सगळं तो मराठीत छापतोच की. दवाखान्यांच्या काही सॉफ्टवेअरमध्येही तशी सोय आहे, फक्त ती चालू करावी लागते. औषधाचं नाव इंग्रजीत राहू द्या, मेडिकलवाल्याला तेच लागतं. पण किती, कधी, जेवणाआधी की नंतर आणि किती दिवस, ही चार उत्तरं मराठीत आणि मोठ्या टायपात हवीत. सॉफ्टवेअर विकायला माणूस आला की डॉक्टरसाहेबांनी रंगीत शिक्क्याआधी एवढं विचारून घ्यावं.

आणि राजेहो, तुम्हीही पुढच्या खेपेला छापील कागद हातात पडला म्हणून लगेच खुर्चीवरून उठू नका. मराठीत छापून मागा. होत नाही म्हणाले तर पेन पुढे करा आणि त्यांच्याकडूनच मराठीत लिहून घ्या.