पर्सेंटाइलकाका

एप्रिल-मेमध्ये सीईटी आटोपली की आमच्याकडे सोसायटीगणिक निदान एक तरी पर्सेंटाइलकाका तयार होतो. एरवी माणूस अगदी साधा. पतसंस्थेत नोकरी, संध्याकाळी भाजी, रात्री बातम्या. जिन्यात भेटला तर ‘उकडतंय फार’ यापलीकडे बोलणार नाही. पण लेक पीसीएमचा पेपर देऊन बाहेर पडली की याच्या अंगात येतं. परीक्षा लेकीची, ती तिने दिली आणि विसरली. वाट बघण्याचं खातं मात्र काका स्वतःकडे घेतात आणि त्यात दुसऱ्या कुणाला ढवळाढवळ करू देत नाहीत.

आमच्या इमारतीतले काका मी २०२४ साली जवळून पाहिले. लेक अकराला उठायची, आमरस चापायची आणि मैत्रिणीची स्कूटर शिकायला जायची. काका पाचला उठून अंधारातच सीईटी सेलची वेबसाइट उघडायचे. पहाटे पाचला कुठलीही सरकारी कचेरी निकाल लावत नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण “तेव्हा सर्व्हर मोकळा असतो” असं त्यांचं म्हणणं. यावर काय बोलणार!

या जातीच्या माणसाचा खरा त्रास असा, की त्याला विषय समजलेला असतो. पेपर २०० मार्कांचा, निगेटिव्ह मार्किंग नाही, गणिताच्या प्रश्नाला दोन मार्क, एवढं कुणीही सांगेल. काका तिथे थांबत नाहीत. परीक्षा कित्येक दिवस सकाळ-दुपार चालते, प्रत्येक सत्राचा पेपर निराळा, म्हणून नुसत्या मार्कांना अर्थ नाही. आपल्या सत्रातल्या किती टक्के मुलांना आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी मार्क पडले तो आपला पर्सेंटाइल, आणि तोही दशांशचिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत. हे सगळं त्यांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर मी बाहेर पडलो तेव्हा आम्ही जेमतेम चौथ्या दशांशावर होतो. त्यांनी दारात चप्पल अडकवली आणि उरलेले तीन दशांश पुरे केले. लिफ्ट ठणाणा करत होती, खालून कुणीतरी ओरडत होतं; काका शांत.

लेकीचा पेपर दुपारच्या सत्रात झालेला. ‘दुपारचा अवघड होता’ असं कुणी म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. पेपर सगळ्या मुलांना अवघड जावा, आपल्या एकटीला सोडून, एवढीच बिचाऱ्याची माफक अपेक्षा.

मेअखेर उत्तरतालिका आली. आक्षेप घ्यायचा तर प्रश्नामागे हजार रुपये. काकांनी रसायनशास्त्राचा एक प्रश्न हेरला. लेक म्हणाली, “बाबा, माझंच चुकलंय.” काका म्हणाले, “तुला काय कळतंय?” दोन दिवस घरात त्या प्रश्नाशिवाय दुसरा विषय नव्हता. शेवटी आजी म्हणाल्या, “हजार रुपयांत तिला पावसाळी चप्पल आणि छत्री येईल.” आक्षेप तिथेच निकाली निघाला.

आजींच्या तोंडी या काळात एकच गोष्ट असते. त्यांच्या वेळी मॅट्रिकचे नंबर वर्तमानपत्रात छापून यायचे आणि स्वतःचा नंबर नाही सापडला, तर लोक छपाईची चूक म्हणून दुसरं वर्तमानपत्र आणायचे. काका हे हसण्यावारी नेतात आणि फोनवर रिफ्रेश दाबतात.

निकाल १० जूनपर्यंत लागणार होता. त्याआधीच, ४ जूनला, लोकसभेची मतमोजणी चालू असताना नीटचा निकाल लागला, तोही ठरल्या तारखेच्या दहा दिवस आधी. काका संतापले. “त्यांना जमतं, यांना का नाही?” मग बातमी आली की ६७ मुलांना ७२० पैकी ७२०, आणि प्रकरण कोर्टात. काका एका रात्रीत पालटले. “घाई ही अशी नडते. आपला सेल कसा तपासून, सावकाश काम करतो!” ही समजूत दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत टिकली.

१० जून गेला. नवी सूचना आली: १९ जूनपर्यंत. ‘पर्यंत’ म्हटल्यावर उद्याही लागू शकतो, म्हणून गावी जायचा बेत रद्द. गावाला रेंज येते ती फक्त देवळाच्या पायरीवर. पालकांच्या ग्रुपवर रोज एक पत्रक फिरायचं, ‘आज रात्री ८ वाजता’. काका ते बोटांनी मोठं करून जावक क्रमांक शोधायचे. क्रमांक नसला की खोटं. असला तरी खोटं, कारण तो गेल्या वर्षीचा. करोनाच्या साली म्हणजे २०२० ला निकाल २८ नोव्हेंबरला लागला होता, हेही ते ग्रुपवर टाकायचे. धीर द्यायला, असं त्यांना वाटे. दोन माता त्या दिवशी ग्रुप सोडून गेल्या.

तोवर फाइल तयार झालेली. पारदर्शक, बटणाची. डोमिसाइल, शाळा सोडल्याचा दाखला, जात पडताळणी, पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं नॉन क्रीमीलेअर, प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स, आणि सगळ्यांवर काकूंचा हुकूम: या फाइलजवळ चहा आणायचा नाही.

निकाल लागला १६ जूनला. रविवारी. म्हणजे १० तारखेच्या हिशेबाने उशिरा आणि १९ च्या हिशेबाने लवकर. तक्रार करावी की आभार मानावेत, काकांना कळेना. कळायला वेळही नव्हता, कारण त्यांच्या मोबाइलवर नुसतं चक्र फिरत होतं. लेकीने बटाट्याचं भजं तोंडात असतानाच आपल्या फोनवर बघून सांगितलं, “सत्त्याण्णव पॉइंट काहीतरी.”

“काहीतरी?” काका किंचाळले. “पुढचे सात आकडे वाच!”

तिने वाचले. काकांनी ते लिहून घेतले, पुन्हा वाचायला लावले आणि एकदा स्वतःच्या मोबाइलवर दिसेपर्यंत पेढे आणू दिले नाहीत.

संध्याकाळी पेढा घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, “चला, आता निवांत.”

“निवांत कसले? खरी परीक्षा कॅपला, प्रवेशाच्या फेऱ्यांना. आधी तात्पुरती गुणवत्ता यादी, मग तक्रारी, मग अंतिम यादी. पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीचं मिळालं तर ते घ्यावंच लागतं, म्हणजे पहिला नंबर कुणाला द्यायचा? सीओईपी, व्हीजेटीआय, की—” त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून जाड वही काढली. गेल्या तीन वर्षांचे कटऑफ, लाल-निळ्या पेनाने.

चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांचा मुलगा नुकताच बारावीत गेलेला. ते हळूच म्हणाले, “काका, तुमचं झालं की वही मला द्याल का?”

काकांनी वही छातीशी धरली. “झेरॉक्स काढून घ्या. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात काढू नका, तो दशांश पुसट काढतो.”