ठमीला स्थळं येतात

आमच्या जबलपूरच्या घरात बायकांच्या गोष्टी बायकांनी बघायच्या, हा नियम आजोबांपासून चालत आला आहे आणि त्याचा सर्वांत मोठा लाभार्थी मी आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी आमची ही पुण्याला गेली, तेव्हा जाताना गॅसचं पुस्तक, दूधवाल्याचा हिशेब, आईच्या गोळ्या असं सगळं तिनं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. ठमीचं वय काय आणि त्या वयात काय होतं, तेवढं लिहायचं राहिलं. ठमी म्हणजे आमची लॅब्रॅडोर, आठ महिन्यांची. आणि कागदावर नाही ते घडत नाही, ही माझी सरकारी नोकरीत मुरलेली श्रद्धा.

एका सकाळी व्हरांड्याच्या फरशीवर रक्ताचे थेंब दिसले. मी तत्काळ निदान केलं, पायात काच. पुढचा उजवा पंजा धरून त्यावर हळद चेपली, धोतराचं फडकं गुंडाळलं. थेंब चालूच, म्हणून मग डावा पंजा, मग मागचा एक, मग उरलाय कशाला म्हणून चौथाही. चारी पायांना पट्ट्या बांधलेली ठमी घसरत-घसरत देवघराच्या उंबऱ्याशी पोचली, तेव्हा जपमाळ न थांबवता आई म्हणाली, "अरे बंड्या, कावळा शिवलाय तिला."

मी मुकाट्यानं पट्ट्या सोडल्या आणि चहा टाकला.

त्यानंतर घराचा ताबा आईनं घेतला. ठमीनं देवघराकडे फिरकायचं नाही, लोणच्याच्या बरणीवर सावली पाडायची नाही, तीन दिवस व्हरांड्यात बसायचं, चौथ्या दिवशी न्हाऊन मोकळं व्हायचं. चौथ्या दिवशी मी ठमीला न्हाऊ घातलं, म्हणजे तिनं मला घातलं, आणि पाचव्या दिवशी सकाळी थेंब पुन्हा हजर. ब्याऐंशी वर्षांत आईचं शास्त्र पहिल्यांदाच तोंडघशी पडलं. "जातच निराळी," म्हणून तिनं अंग काढून घेतलं.

मी डायपर आणायला गेलो. औषधाच्या दुकानात पोरानं विचारलं, "बच्चा कितने महीने का?" म्हटलं, आठ. "वजन?" बावीस किलो. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे कोणी मोठं माणूस आलंय का ते पाहिलं. सगळ्यांत मोठा आकार आणून शेपटीसाठी कात्रीनं भोक पाडलं. ठमीनं तो डायपर पाच मिनिटांत सोडवून त्यातला कापूस व्हरांडाभर पेरला. शेवटी माझी पट्ट्यापट्ट्यांची जुनी चड्डी कामी आली. ती तिला बसली, आवडली, आणि ती घालूनच ती सकाळी फाटकातून निसटून हायकोर्टाच्या दिशेनं फिरायला निघालेल्या वकीलमंडळींना सामोरी गेली. तेव्हापासून सिविल लाइन्समध्ये मला नमस्कार करणाऱ्यांची संख्या वाढली आहे.

इकडे स्थळं येऊ लागली. आमचा बंगला इंग्रजांच्या काळातला. कंपाउंडची भिंत बांधताना साहेबानं वाघाचा विचार केला असेल, कुत्र्यांचा केला नव्हता. स्टेशनकडून आली, सदरकडून आली, एका बड्या बंगल्यातलं खानदानी स्थळ तर गळ्यातल्या साखळीसकट आलं. या सगळ्यांचा म्होरक्या म्हणजे फाटक्या कानाचा, पानठेल्याखाली राहणारा ठाणेदार. तो फाटकासमोर बसून राही, देण्याघेण्याचं काही बोलत नसे. पानवाल्यानं मला धीर दिला, "काय बड्डे, टेंशन नई लेने का, हफ्ते भर की बात है." ठमीनंही जवळ येईल त्याला दात दाखवले, ठाणेदाराच्या उरलेल्या कानाला चावा घेतला. मी पुण्याला फोन करून सांगितलं, पोरगी वळणाची आहे.

मग थेंब फिके झाले. लाल गेला, गुलाबीसर पाणी राहिलं. मी संपलं असं जाहीर केलं, चड्डी धुऊन परत माझ्या कपाटात ठेवली, व्हरांड्याचं दार सताड उघडलं आणि आरामखुर्चीत पेपर घेऊन बसलो. ठमी फाटकाशी उभी होती, शेपटी एका बाजूला वळवून, अगदी गरीब चेहऱ्यानं. पलीकडे ठाणेदार. किती समजूतदार झाली ही, असं माझ्या मनात आलं न आलं तोच आमचा माळी खुरपं टाकून ओरडला, "साहब, उठाओ!" बावीस किलोंची ठमी उचलून, मागे अर्धा डझन उमेदवार घेऊन, एक चप्पल गुलाबाच्या वाफ्यात सोडून मी व्हरांडा गाठला. ठाणेदार आधी पोचला होता की मी, याबद्दल माळ्याचं आणि माझं अजून एकमत नाही.

आमच्या साउथ सिविल लाइन्समध्येच १९४८ सालापासून जनावरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज आहे, २००९ पासून तर नानाजी देशमुखांच्या नावाचं अख्खं पशुचिकित्सा विद्यापीठ आहे, आणि त्यापासून हाकेच्या अंतरावर राहून मी पानठेल्यावर सल्ला घेत होतो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कापसाच्या काडीनं नमुना घेतला, काचपट्टीवर पसरून रंगवला आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. कडा दुमडलेल्या, कोनाकोनांच्या पेशी होत्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी "छान आहेत" म्हणालो.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. माणसासारखं हे नव्हे. कुत्रीला रक्त जातं ते बीज सुटण्याच्या आधी. पहिले साधारण नऊ दिवस नर येतात, ती हाकलते. रक्त फिकं पडतं, शेपूट बाजूला होते, तेव्हा ती राजी असते, आणि हेही साधारण नऊ दिवस, कुणाचे कमी, कुणाचे जास्त. तेव्हा तीन आठवडे पुरे होऊन सूज उतरेपर्यंत दार बंद, फिरायला न्यायचं ते पट्ट्यानं. "मतलब अंकल, जब ज़रूरत नहीं थी तब आपने दरवाज़ा बंद रखा, और जब थी..."

पुढचं त्या सभ्यपणे बोलल्या नाहीत.

माज उतरला, स्थळं पांगली, आणि दोनेक महिन्यांनी ठमीनं पलंगाखाली माझ्या शालीचं घरटं केलं. वाफ्यातून परत आणलेली ती एक चप्पल पोटाशी घेऊन ती चाटत बसे, जवळ गेलं की गुरगुरे. आचळांना दूधही उतरलं. कुत्रीचे दिवस त्रेसष्टाच्या आसपास भरतात हे आता मला ठाऊक होतं, मी कॅलेंडरवर खुणा केल्या, माळ्याला आणि दोन वकिलांना एकेक पिल्लू कबूल केलं. आईनं विटाळबिटाळ विसरून डिंकाचे लाडू वळले. ठाणेदाराकडे मी जरा व्याह्याच्या नजरेनं बघू लागलो.

डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, पाणी फार पिते का, खाणं सोडलंय का, खालून पू येतो का. माजानंतरच्या याच आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याची भीती असते म्हणे. तसं काही नव्हतं. मग सोनोग्राफी केली. आत कोणी नव्हतं. गाभ न राहताही कुत्रीच्या अंगात तेच रस खेळतात आणि तिला आपण आई झालो असं वाटतं, चप्पल काढून घ्या, आचळांना हात लावू नका, दूध आपोआप आटेल, आटलं की ऑपरेशन करून टाकू, नाहीतर सहाएक महिन्यांनी पुन्हा हेच. आणि खाणं कमी, लाडू तर मुळीच नाहीत.

आईनं केलेलं वाया घालवायची आमच्यात पद्धत नाही. ही पुण्याहून आली तेव्हा ठमी सडपातळ झाली होती. तिनं ठमीकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे.

"अहो," ती म्हणाली, "तुमचा कितवा?"