बी. फार्म. झालंय, बारावी चालू आहे

सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर औषधांची दुकानं ओळीनं उभी असतात आणि त्यातल्या एखाद्या काउंटरमागच्या तरुणाला निम्मं गाव 'डॉक्टर' म्हणतं. तो डॉक्टर नाही हे भिंतीवरचं, गणपतीच्या फोटोशेजारी फ्रेम करून टांगलेलं नोंदणीचं प्रमाणपत्र स्वच्छ सांगत असतं, पण ते वाचायला गिऱ्हाइकाला वेळ कुठे? "डॉक्टर, मागच्या वेळची ती पांढरी गोळी द्या." दुकानात पांढऱ्या गोळ्यांचे खोकेच्या खोके. तो दोन प्रश्न विचारतो आणि बरोबर पट्टी काढतो. गिऱ्हाइकाला दहातल्या चारच हव्या असतात. मग कात्री अशी चालवायची की एक्स्पायरीची तारीख आपल्याकडच्या तुकड्यावर राहिली पाहिजे. सुट्टे नसले की दोन रुपयांऐवजी खोकल्याची वडी.

हे वर्षानुवर्षं ऐकल्यावर त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो. लोक म्हणतातच आहेत, तर होऊन का दाखवू नये? त्यात 'एच वन' यादीतल्या औषधांची वही आगीत तेल ओतते. 2014 पासून काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, झोपेच्या गोळ्या विकल्या की रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव-पत्ता, औषध, नग असं सगळं वहीत उतरवायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. वही भरणारा हा, आणि वहीत डॉक्टर म्हणून नाव मात्र भलत्याचंच!

पहिला धक्का प्रवेशाच्या नियमांचा. डी. फार्म. झालेल्याला बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट बसता येतं, त्यामुळे बी. फार्म.वाल्याला एमबीबीएसचं निदान एखादं वर्ष तरी माफ होईल अशी त्याची भाबडी समजूत असते. एक तासही माफ होत नाही. चार वर्षांची पदवी गुंडाळून कपाटात ठेवायची आणि बारावीच्या पोरांबरोबर नीटला बसायचं. वयाची सबबसुद्धा उरलेली नाही, कारण वरची वयोमर्यादा 2022 मध्येच काढून टाकली. सतरा पूर्ण असली की पुरे, आणि ती त्याची कधीच झालेली असतात.

परीक्षेत 180 प्रश्न, 720 गुण, बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. जीवशास्त्राचे 90 प्रश्न घोकून निघतात. रसायनशास्त्राच्या 45 प्रश्नांकडे तो जुन्या ओळखीनं हसून बघतो. राहिले भौतिकशास्त्राचे 45. बी. फार्म.ला सगळं होतं, वनस्पतींच्या वाळक्या पानांपासून कायद्यापर्यंत, पण उतारावरून घसरणारा तो ठोकळा काही पुन्हा भेटला नव्हता. आता दुकानाचं शटर अर्धं ओढून, रात्री साडेदहाला, बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर तो घसरायला लागतो. ठोकळा आणि फार्मासिस्ट, दोघंही.

घरी वेगळंच. मुलीकडचे बघायला आलेले, कांदेपोहे झालेले, आणि मुलीचे मामा सहज विचारतात, "मुलगा सध्या काय करतो?" वडील खाकरून सांगतात, "बी. फार्म. झालंय. बारावीची तयारी करतोय." मामा चहाचा कप खाली ठेवतात. हिशेब सगळ्यांनाच येतो: साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, वर नीटमध्ये जातील ती वर्षं वेगळीच.

"असं कुणी करतं का?" या प्रश्नाला उत्तर म्हणून तो इतिहास धुंडाळतो, तर पहिलाच दाखला निघतो हेन्रिक इब्सेनचा. नॉर्वेतल्या ग्रिमस्टाड गावी 1844 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, इब्सेन औषधाच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला. डॉक्टर व्हायचं म्हणून रात्री अभ्यास केला आणि 1850 मध्ये प्रवेशपरीक्षेला बसला. ग्रीक आणि अंकगणितात आपटला. मग नाइलाजानं जगातला मोठा नाटककार झाला. त्याच्या 'डॉल्स हाउस'वरून अनंत काणेकरांनी 'घरकुल' लिहिलं, म्हणजे मराठी रंगभूमीवरही त्या नापाशीचे थोडे उपकार आहेत. पण हा दाखला घरी सांगण्यासारखा नव्हे.

दुसरा दाखला बरा. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ गॅरेटला बाई म्हणून एकही मेडिकल कॉलेज घेईना. औषधविक्रेत्यांच्या जुन्या संस्थेच्या, म्हणजे सोसायटी ऑफ अपॉथेकरीजच्या सनदेत मात्र बायकांना मज्जाव नव्हता. तिनं नेमकं ते दार गाठलं आणि 1865 मध्ये परीक्षा पास होऊन डॉक्टरकीचा परवाना मिळवला. संस्थेनं लगोलग नियम बदलला, पुन्हा कुणी बाई शिरू नये म्हणून! हे ऐकून आई म्हणते, "बघ, तुझंही पास झाल्यावर नियम बदलतील."

तर समजा, मिळाला प्रवेश. परीक्षेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि चपला घालून गेलेला हा माणूस आता कॉलेजात पूर्ण बाह्यांच्या ॲप्रनमध्ये उभा. वर्गातल्या मुली त्याला पहिल्या दिवशी 'सर' म्हणून उठून उभ्या राहतात, आणि त्यानं स्वतः ज्यांना 'सर' म्हणायचं ते सीनियर त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. पहिलं वर्ष चौरसियांच्या ॲनाटॉमीच्या पुस्तकात आणि फॉर्मलिनच्या वासात जातं. डोळे चुरचुरतात, नसांची नावं राहत नाहीत.

दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी येतं आणि त्याच्या हातात पुन्हा तेच के. डी. त्रिपाठींचं पुस्तक पडतं, जे त्यानं बी. फार्म.ला झिजवलेलं असतं. आता राजा तो! व्हायवात प्रश्न येतो, अमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड कशाला? हा सांगतो की जिवाणूचं एन्झाइम औषध फोडतं, त्याला अडवायला. 500 अधिक 125, म्हणून 625. पट्टीत कंपनीनुसार सहा किंवा दहा. जेवणाबरोबर घ्यायची, नाहीतर पोट बिघडल्याची तक्रार घेऊन पेशंट दुपारी दुकानात हजर. परीक्षक चष्मा वर करून विचारतात, "दुकानात?"

इंटर्नशिपमध्ये तो प्रिस्क्रिप्शन लिहितो ते औषधाच्या मूळ नावानं, कॅपिटल अक्षरांत, 2016 च्या नियमात सांगितल्याप्रमाणे. समोरचा केमिस्ट फोन करून खात्री करतो, की सहीचे डॉक्टर खरे आहेत ना, कारण अक्षर वाचता येतंय.

मग घरात प्रश्न येतो एमडीचा. तीन वर्षं आणखी. कशात करणार? तो सांगतो, "फार्माकॉलॉजी."

आई थोडा वेळ बघत राहते. "म्हणजे पुन्हा औषधंच ना रे?"