सेट येऊन राहिला

असा एक तुमच्याही गल्लीत असेलच. तुमचा कदाचित नव्या मोबाइलची, आठव्या वेतन आयोगाची नाहीतर दुबईच्या मेव्हण्याची वाट पाहत असेल; आमचा पत्त्यांची पाहतो. पत्ते म्हणजे इस्पिक-बदाम नव्हेत. राक्षस, जादूगार, ड्रॅगन, हातातून आगीचे लोळ सोडणाऱ्या बाया, असले पत्ते. त्यातही जे हाताशी आहेत ते नाहीत, जे यायचे आहेत ते. हाताशी आलेल्या पत्त्यांत त्याला साधारण दीड दिवस रस असतो.

म्हाळगीनगर चौकातून हुडकेश्वरकडे निघालं की जे लेआउट लागतात, त्यांतल्या एकात आम्ही समोरासमोर राहतो. त्याचं खरं नाव आता फक्त आधार कार्डावर उरलंय. पोट्टी त्याला सेटभाऊ म्हणतात. नवा दूधवाला ते ‘शेठभाऊ’ असं ऐकतो आणि दर महिन्याला भाव वाढवून मागतो.

मला हा शब्द पहिल्यांदा भेटला तो शिडीमुळे. टाकी धुवायची होती म्हणून त्याच्या फाटकाशी गेलो.

“शिडी दे रे जरा.”

“आज नाही जमत काका. सेट येऊन राहिला.”

मला वाटलं सोफासेट. शेजारधर्म म्हणून मी माझी स्कूटर हलवली, टेम्पो वळायला जागा केली, आमच्या हिला सांगून ठेवलं की पाणी-बिणी मागतील हमालं, तर दे. संध्याकाळी टेम्पो काही आला नाही. कुरियरचा एक पोरगा आला आणि जेवणाच्या डब्याएवढं खोकं देऊन गेला.

“हाच का तुझा सेट?”

“नाही ना काका. हे तं स्लीव्ह आहेत.” म्हणजे पत्त्यांना घालायची प्लास्टिकची झबली. “सेट पुढच्या महिन्यात.”

शिडीचं मी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात मिळाली असती.

तेव्हापासून मोजतोय. फाटकाला रंग द्यायचा आहे, पण सेट येऊन राहिला. न्हाणीतला नळ गळतो, सेट आल्यावर पाहू. दाढ दुखतेय तर डावीकडून जेवायचं, कारण डेंटिस्टचे पैसे सेटसाठी बाजूला काढलेत. एकदा तर याच्याच मामेबहिणीच्या हळदीला घरातून निघता निघता हा परत फिरला. नव्या सेटमधला कुठला तरी एक पत्ता त्या रात्री अमेरिकेतून ‘दाखवणार’ होते. दाखवणार म्हणजे विकणार नाहीत, खेळायला देणार नाहीत, नुसता फोटो दाखवणार. आमच्या वेळी असा कार्यक्रम फक्त लग्नाच्या मुलीचा व्हायचा, आणि तिथे निदान पोहे तरी मिळायचे.

खेळाचं नाव मॅजिक: द गॅदरिंग. गणितात पीएचडी केलेल्या रिचर्ड गारफिल्ड नावाच्या अमेरिकन माणसाने तो काढला, 1993 मध्ये. मैदान, बेट, दलदल, डोंगर, जंगल अशा पाच जमिनी. त्यांतून ताकद काढायची, त्या ताकदीवर राक्षस नाहीतर मंत्र सोडायचे, आणि समोरच्याचे वीस प्राण शून्यावर आणायचे. इथवर मलाही कळतं. जमिनीतून ताकद कशी निघते हे हुडकेश्वरात प्लॉट घेतलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. खरी मेख पुढे आहे. बावन्न पत्त्यांचा जोड एकदा घेतला की तीन पिढ्या पुरतो, फारतर चौकटची सत्ती हरवते. इथे जोड कधीच पुरा होत नाही. नवे सेट येत राहतात, पाकीट फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, आणि जो पत्ता हवा असतो तो नेहमी दुसऱ्याच्या पाकिटात निघतो.

आता हे पाकीट फोडणं. एकदा मी ते मुद्दाम जवळ बसून पाहिलं. आधी साबणाने हात, मग पंचाला पुसून पाच मिनिटं कोरडे होऊ द्यायचे. मग आईच्या वाती कातरायच्या कात्रीने पाकिटाची वरची कडा सरळ रेषेत कापायची. फाडायची नाही, फाडणाऱ्याबद्दल तो ज्या सुरात बोलतो त्या सुरात आमचे वडील फक्त ताटात टाकणाऱ्याबद्दल बोलायचे. आत चौदा पत्ते. ते उलटे धरून एकेक सरकवायचे, आणि भारीचा पत्ता जवळ यायला लागला की डोळे मिटायचे. या सगळ्या वेळात पंखा बंद, कारण पत्ते उडतात. कूलरही बंद, कारण चकाकणाऱ्या फॉइलच्या पत्त्यांना हवेतला ओलावा लागला की ते पापडासारखे वाकतात. मे महिना, नागपूर, बाहेर पंचेचाळीस, आणि कूलर बंद! त्याची आई दारात उभी राहून पदराने वारा घेत होती.

“मी वाकली तं चालते तुले,” ती माउली म्हणाली, “पत्ता वाकला नाही पाहिजे.”

या बाईंबद्दल मला फार आदर आहे. 2023 मध्ये त्या खेळवाल्यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर सेट काढला. त्यात अंगठीचा एक पत्ता असा होता की साऱ्या जगात त्याची एकच प्रत. कोणाला तरी तो पाकिटात निघाला आणि पुढे पोस्ट मलोन नावाच्या गायकाने तो विकत घेतला. किंमत वीस लाख डॉलर सांगतात. सेटभाऊने हे आईला सोळा कोटी म्हणून सांगितलं. बाईंनी हातातली मेथी खाली ठेवली.

“सोळा कोटीचा पत्ता? मंग त्याच्यावर घर बी असंन ना?”

पत्ता या शब्दाने या घरात बराच घोळ घातला आहे. कुरियरवाल्याला घराचा पत्ता सापडत नाही म्हणून पत्त्यांचा पत्ता लागत नाही, आणि हा फोनवर ओरडतो, “अरे पत्ते आहेत त्यात, पत्ते! पत्ता बरोबर आहे!” पलीकडचा पोरगा शांतपणे म्हणतो, “भाऊ, एकच पत्ता सांगा.”

पण सगळ्यांत मोठा घोळ लग्नाचा. वय एकतीस, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी, वरचा मजला बांधलेला. स्थळं येत होती. मागच्या वर्षी उमरेडकडचे एक पाहुणे फेब्रुवारीत यायचं म्हणत होते. मुलीच्या वडिलांनी फोनवर विचारलं, सगळेच विचारतात तसं, “मुलगा सेट आहे ना?”

बाई साध्या मनाच्या. म्हणाल्या, “सेट यायचा आहे. चौदा तारखेले येऊन राहिला.”

चौदा तारखेला काय येणार, हे विचारायला ते पुन्हा फोन करतील असं बाईंना वाटत होतं. त्यांनी केला नाही.

चौदा फेब्रुवारी 2025 ला जे आलं त्याचं नाव ईथरड्रिफ्ट. त्याची वाट हा माणूस का पाहत होता याला मात्र थोडा इतिहास आहे. 2016 च्या सप्टेंबरात याच खेळात आपल्याकडच्या वळणाची एक दुनिया आली होती, कलादेश नावाची. गिरापूर नावाचं शहर, पितळी यंत्रं, नक्षीकाम, आणि तिथली पोरगी चंद्रा नलार. हातातून आगीचे लोळ सोडणारी ती हीच. (बाईंचा प्रश्न: “नलार म्हणजे कोणत्या गावचे?”) ईथरड्रिफ्टमध्ये ती दुनिया परत आली, पण राज्य उलथलं म्हणून नाव बदलून: आविष्कार. सेटभाऊला याचा इतका आनंद झाला की जणू नागपूरचंच नामांतर झालं. “आपला शब्द आहे ना काका! शुद्ध मराठी!” संस्कृत आहे असं मी म्हणणार होतो, पण त्याने तेवढ्यात मला एक पत्ता हातात धरायला दिला होता. असा मान लेआउटमध्ये आजवर कोणाला मिळालेला नाही, म्हणून गप्प बसलो.

बरं, सेट आला की माणूस निवांत व्हावा ना? तर नाही. एक हातात पडतो तोवर पुढच्याचे फोटो सुरू. 2025 या एका वर्षात त्या कंपनीने सहा मोठे सेट काढले. या खेळातली जगभरातली माणसं त्यावर कावली होती म्हणे: खिशाला परवडत नाही, श्वास घ्यायला वेळ नाही. सेटभाऊ मात्र खूश. सहाचे आठ झाले तरी चालतील म्हणाला. मला तो तेव्हा निव्वळ मूर्ख वाटला.

त्याच्याकडूनच कळलेली एक गंमत. या खेळाचा पहिला जोडसेट आला 1993 च्या डिसेंबरात, आणि तो होता अरेबियन नाइट्सवर. त्यात शहरजादीचा पत्ता आहे. तो टाकला की चालू डाव तिथेच थांबवून त्याच्या पोटात दुसरा डाव मांडायचा, तो संपवून मग पहिल्यावर यायचं. कटकट एवढी की पुढे स्पर्धांत त्यावर बंदी आली. मला वाटतं पत्ता बंद केला, पण शहरजादीची युक्ती कंपनीने ठेवून घेतली. गोष्ट आज पुरी करायची नाही. उरलेली उद्या रात्री.

एकदा त्याचं नाक खाली करावं म्हणून मी सावंतवाडीची गंजिफा काढली. राजवाड्यात रंगवतात ती. दशावतारी, वाटोळे पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा, म्हणजे एकशेवीस. राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. दिवसा बसलात तर राम ज्याच्या हातात तो सुरुवात करणार, रात्री बसलात तर कृष्णवाला. “याला म्हणतात खेळ,” मी म्हणालो. “शेकडो वर्षांत एकही नवा सेट काढावा लागला नाही.”

तो विचारात पडला.

“दहावा अवतार कोणता काका?”

“कल्की.”

“तो तं यायचा आहे ना अजून.”

“हो.”

“आणि त्याचे बारा पत्ते आधीच रंगवून ठेवले?” त्याचे डोळे चमकले. “म्हणजे प्रीव्ह्यूच झाला ना हा! रिलीज कवा?”

“कलियुग संपल्यावर.”

“डेट तं सांगा,” म्हणाला. मी उठलो.

जूनमधला सेट ठरल्या तारखेच्या बराच नंतर हुडकेश्वरला पोचला. रविवारी संध्याकाळी तो फाटकाशी आला आणि पहिल्यांदाच मला म्हणाला, “काका, गच्चीवर येता का? एक जण कमी पडून राहिला.”

गच्चीवर प्लास्टिकचं टेबल, चार खुर्च्या. दोन खुर्च्यांसमोर स्टीलच्या पेल्यांना टेकवून उभे केलेले दोन मोबाइल. एकात बंगळुरूचा पोरगा, दुसऱ्यात टोरांटोचा. तिथे सकाळचे नऊ वाजले होते आणि तो टोस्ट खात होता. तिसरा, पुण्याचा, या खेपेला नव्हता. लेकरू रात्रभर झोपू देत नाही म्हणे. त्याचे शंभर पत्ते मात्र इथेच होते, विटक्या गुलाबी झबल्यांत. नागपूर सोडताना तो ठेवून गेला होता.

मग कळलं ते असं. 2016 मध्ये हे चौघं याच घराच्या वरच्या खोलीत बसायचे. पैसे काढून कलादेशचं एक पाकीट आणायचे आणि चौदा-पंधरा पत्ते चौघांत वाटून घ्यायचे. मग एकेक जण नोकरीला गेला. आपल्याकडची पोरं जातात तसा. एरवी फोन होत नाही. वाढदिवसाला अंगठा पाठवतात. नवा सेट आला की मात्र चौघं फोनवर एकत्र पाकिटं फोडतात आणि एक डाव टाकतात. वर्षाला चार सेट होते तेव्हा चार वेळा. सहा झाले तेव्हा सहा वेळा.

त्याने हे काही सांगितलं नाही. बंगळुरूवाला नेटवर्क यायची वाट पाहत होता, त्याने सांगितलं. सेटभाऊ तेव्हा माझ्या पत्त्यांची मांडणी सुधारत होता, कारण मी जंगल दलदलीत मिसळलं होतं.

मी विसाव्या मिनिटाला मेलो. मारलं टोरांटोने, टोस्ट न सोडता. मग तो म्हणाला, “काका, तिकडं पाऊस आला का?” आणि जणू त्याचीच वाट पाहत असावा तसा आला. मोठे, अंतराअंतरावरचे थेंब, तापलेल्या स्लॅबवर पडून क्षणात वाळणारे, आणि मग एकदम सगळाच.

सेटभाऊ मी कधी पाहिला नव्हता इतका चपळ हलला. आधी पत्ते, आईच्या रिकाम्या वडीच्या डब्यात, झाकण घट्ट. मग मोबाइल. मग खुर्च्या. काकांचा नंबर चौथा होता. जिन्याच्या छपराखाली आम्ही पोचलो, आणि तिथून तो एक मोबाइल घेऊन परत उलटा गेला. कठड्याशी उभा राहून हात बाहेर काढला आणि फोन सरळ पावसात धरला. ज्या माणसाने पत्त्यांसाठी मे महिन्यात कूलर लावू दिला नाही, त्याने.

टोरांटो काही बोलेना. मग फोनमधून बारीक आवाज आला, “अजून धर बे थोडा.”

तेवढ्यात खालून आईने हाक मारली. तिने सकाळपासून दोनदा बजावलं होतं, आणि दोन्ही वेळा तिला काय उत्तर मिळालं होतं ते मी इथून सांगू शकतो.

“अरे, वरच्या मुगवड्या आणल्या का खाली?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गच्चीच्या कोपऱ्यातल्या चादरीकडे पाहिलं.