चुंदी के का दोस?

आमच्या ह्यांनी रायपूरला पंडरीच्या कापड बाजारात जन्मभर मुनीमगिरी केली. गठ्ठा असा बांधत की जगदलपूरला उतरेपर्यंत गाठ जागची ढळायची नाही. पुढे बस स्टँडसुद्धा पंडरीतून भाटागावला हललं. ह्यांची गाठ हलली नाही. निवृत्तीनंतर ही विद्या माझ्या डोक्यावर आली.

मला आमवात आहे. तो माझ्या आधी उठतो. सकाळी तासभर तरी बोटं मिटत नाहीत, हात कानाच्या वर जात नाही, आणि वेणी पडली नेमकी कानाच्या मागे. हे म्हणाले, "त्यात काय, मी घालतो." तीन पेड अगदी मापात पाडले, खेचून आवळले आणि खाली गाठ मारली. संध्याकाळी ती सोडवायला सुनेनं कात्री आणली.

मग मी केसांचं खातं सकाळी बंदच ठेवलं. दुपारी हात जरा ऐकू लागतात, तेव्हा उघडायचं. जेवणाच्या टेबलावर कोपरं टेकायची आणि हात वर नेण्याऐवजी डोकंच खाली आणायचं. ताठ मानेनं जग, असं आई सांगायची. तिला सांधेदुखी नव्हती. कंगव्याच्या बारीक दांडीला मूठ पुरती आवळावी लागते, म्हणून तिच्यावर नातवाच्या जुन्या सायकलची ग्रिप चढवली. जाड दांडी अर्ध्या मुठीत मावते. विंचरताना नातू तोंडानं घंटी वाजवतो, ते सोसायचं.

शाम्पूची पुडी मात्र माझी वैरीण. चिक शाम्पू १९८३ साली तमिळनाडूतल्या कडलूरहून निघाला आणि पुडीच्या जोरावर खेड्यापाड्यांत पोचला, हे मला मान्य. पण ती पुडी फाडायला चिमटीत जोर लागतो. दातांनी फाडावी तर दात ग्लासात! आता पंपाची बाटली आणली आहे, ती तळव्यानं दाबते. टिकटिक पिनेला अंगठा लागतो, छोट्या क्लचरची स्प्रिंग माझ्याहून तरुण आहे. दोन्ही सुनेला देऊन टाकले. हेअरबँड तेवढा भला. दोन्ही हातांनी मागे सारला की झालं. ह्यांनी बाजारातून साटीनचं कापड आणून त्याचा उशीचा अभ्रा शिवून घेतला. केस कमी गुंततात आणि ह्यांना भाव करायला मिळतो.

सल्ल्यांना तोटा नाही. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकवाला गेले, तर वाणाआधी उपचार हातात. "केस फार पातळ झाले गं, मेथी लाव." म्हटलं, मेथोट्रेक्सेट चालू आहे. त्यानं काहींचे केस विरळ होतात; ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, आणि त्रास कमी व्हावा म्हणून डॉक्टरांनी फॉलिक ॲसिड जोडीला दिलं आहे. एवढं ऐकून त्या बाई म्हणाल्या, "मग कांद्याचा रस लाव." गुडघ्याला तेल सुचवून माणसं थांबतात. बाईचे केस मात्र सार्वजनिक मालमत्ता. त्यात दुखणं हाताचं, हे कुणाला दिसत नाही. विस्कटलेलं डोकं तेवढं दिसतं.

शेवटी पार्लरमध्ये जाऊन केस मानेपर्यंत कापले. धुतले, पंख्याखाली बसले, वाळले, संपलं काम. घरी सगळे गप्प. अंबाडा उतरवलेल्या म्हातारीला काय म्हणावं, याचा रिवाज आमच्याकडे नाही. सुनेनं "छान दिसतंय" म्हटलं, तेही स्वयंपाकघरात गेल्यावर.

भांडी घासणाऱ्या बाईनं तेवढं तिच्या छत्तीसगढीत सरळ विचारलं, "दाई, चुंदी ल काबर कटवा डारे?"

"हाथ पिराथे," मी म्हटलं.

"त हाथ के इलाज करा. चुंदी के का दोस?"

ह्यांनी पेपर खाली केला आणि आपलं मत तिला दिलं.