इंजिनाला हात न लावता गाडी वेगवान करण्याची रीत

येळाकेळीच्या नाक्यावरून समृद्धी महामार्गावर चढले की हलक्या वाहनांना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या गाडीमालकाला आपली गाडी शून्यावरून शंभरावर किती सेकंदांत पोचते हे जाणून घ्यावेसे वाटले, तर त्यात गैर काही नाही. त्यासाठी डॅशबोर्डवर चिकटवायचे यंत्र आता हजार-दोन हजारांत मिळते. चूक होते ती पुढे. आकडा मनाजोगा आला नाही की मालक एअर फिल्टर बदलतो, सायलेन्सर बदलतो, ईसीयू रिमॅप करून घ्यायला नागपूर गाठतो. हा सगळा खर्च अनाठायी आहे. इंजिनातून एक सेकंद काढायला हजारो रुपये पडतात, मोजणीतून काढायला एक फळी पुरते. ती फळी कुठे ठेवायची, एवढेच इथे सांगायचे आहे.

आधी यंत्राचा स्वभाव ओळखावा. त्याच्या पोटात मोबाइलमध्ये असते तशीच ॲक्सिलरोमीटरची चिप असते. तिला वेग कळत नाही, धक्का कळतो. त्या धक्क्याची बेरीज करत करत ती वेग काढते. मात्र पाठीला बसलेला रेटा गाडीच्या पळण्याचा की पृथ्वीच्या ओढीचा, हे तिला सांगता येत नाही. गाडीचे नाक एक अंश वर गेले तरी ती दर सेकंदाला प्रतिसेकंद ०.१७ मीटरचे जादा त्वरण नोंदवते. बारा सेकंदांत शंभर गाठणाऱ्या गाडीचे सरासरी त्वरण २.३१ असते. त्यात ०.१७ मिळवा, बाराचे ११.२ होतात. म्हणून यंत्र शून्यावर आणताना मागच्या दोन्ही चाकांखाली सव्वाचार सेंटिमीटर जाडीची फळी ठेवावी. लहान गाडीच्या दोन धुऱ्यांत सुमारे २.४ मीटर अंतर असते, त्या लांबीत एवढ्या फळीने बरोबर एक अंश साधतो. यंत्र त्या तिरक्या स्थितीलाच सपाटी मानते आणि गाडी फळीवरून उतरून नाक वर आले की शंभर होईपर्यंत तिच्या बाजूने बोलत राहते. फळी नसेल तरी अडत नाही. हिंगणघाट-समुद्रपूरकडची काळी कपाशीची जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरच्या डांबराला आपल्याबरोबर वरखाली नेते. पुढची चाके चार सेंटिमीटर खाली बसतील अशी जागा तिथे सरकारी खर्चाने तयार मिळते.

यंत्र जीपीएसवर चालणारे असेल तर फळीचा उपयोग नाही. ते उपग्रहांकडून खरा वेग घेते, म्हणून त्याच्यासाठी खरा उतार शोधावा. नदीच्या पुलाकडे जाणारा रस्ता बहुधा थोडा उतरता असतो. शंभर मीटरला एक मीटर उतार डोळ्यांना दिसतही नाही, पण बारा सेकंदांतला अर्धा सेकंद पदरात टाकतो. उलट दिशेने धाव घेऊ नये, तोच अर्धा सेकंद परत द्यावा लागतो. दोन्ही यंत्रे नकोशी वाटली तर स्पीडोमीटरच्या काट्याचे मोबाइलवर चित्रीकरण करावे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, मात्र दहा टक्के आणि वर ताशी चार किलोमीटर जास्त दाखवले तर चालते. म्हणजे काटा शंभरावर असताना गाडी ८७ वरही असू शकते. या एका सवलतीत दीड सेकंद बसतो.

मुहूर्तालाही महत्त्व आहे. वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, डिसेंबरची पहाट १२ च्या आसपास असते. थंड हवा दाट असते आणि या दोन वेळांच्या घनतेत सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकदही साधारण त्याच प्रमाणात कमीजास्त होते. तेव्हा धाव डिसेंबरात घ्यावी आणि गप्पा मे महिन्यात माराव्यात. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींची एक प्रथाही आपलीशी करावी. तिथे गाडीने पहिला एक फूट पार केल्यावर घड्याळ सुरू होते आणि पुष्कळ यंत्रांत ही सोय एका खुणेने चालू करता येते. गाडी जितकी संथ तितका तो फूट महाग, आपल्या बारा सेकंदांच्या गाडीला जवळजवळ अर्धा सेकंद देणारा. मे महिन्यातल्या बारा सेकंदांवर फळी, फूट आणि डिसेंबर यांचा एकत्रित संस्कार केला की आकडा दहाच्या आत येतो. इंजिनाचा एक नटही हललेला नसतो.

अश्वशक्ती वाढवणे त्याहून सोपे, कारण त्यासाठी गाडी चालू करण्याचीही गरज नाही. यंत्र वजन, त्वरण आणि वेग यांचा गुणाकार करून शक्ती काढते आणि यातले वजन ते मालकाला विचारते. हजार किलोच्या गाडीचे वजन तेराशे सांगितले की शक्ती जागच्या जागी तीस टक्क्यांनी वाढते. हिशोबात चार पाहुणे बसवावेत, प्रत्यक्षात त्यांना बसस्थानकावरच ठेवावे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की स्वस्त यंत्राचे हे असेच व्हायचे, महागडे घ्यावे. पण वरची एकही चूक यंत्राची नाही. फळी, उतार, महिना आणि वजन हे सगळे मालक ठरवतो, आणि महागडे यंत्रसुद्धा चुकीचे वजन तितक्याच आज्ञाधारकपणे गुणते. दुसरा आक्षेप प्रामाणिकपणाचा. त्याला उत्तर विदर्भातला शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, देतो. तिथे सेकंदाच्या अंशासाठी चुरस असते, तरी निकाल सहसा मानला जातो. कारण धावपट्टी सगळ्या जोड्यांना तीच असते आणि घड्याळ बंडीबाहेर, दुसऱ्याच्या हातात असते. डॅशबोर्डवरच्या यंत्रात मात्र जोडी, हाकणारा आणि पंच एकाच काचेआड बसतात. अशा निकालाकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे हाच मुळात अन्याय आहे.

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो खोडून काढता येत नाही. राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी वाहनांची शर्यत किंवा वेगाची चढाओढ करणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शून्यावरून सुरुवात करायची म्हणजे आधी थांबायचे, आणि समृद्धीवर मागून १२० ने येणाऱ्यासमोर थांबण्याइतका वाईट विचार दुसरा नाही. गंभीरपणे मोजणारे इंदूरजवळ पीथमपूरला जातात, तिथे २०२१ पासून ११.३ किलोमीटरची बंदिस्त धावपट्टी आहे. आपल्या रीतीची खरी थोरवी इथेच दिसते. तिचे सर्वांत फलदायी भाग अंगणात उभ्या गाडीत उरकता येतात.

शेवटी निषिद्ध गोष्टी. यंत्र सपाट जागी शून्यावर आणू नये. एकाच पट्टीवर दोन्ही दिशांनी धाव घेऊन सरासरी काढू नये, उतार आणि वारा दोन्ही फिटून जातात. तापमान लिहून ठेवू नये. गाडी हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंगच्या धरमकाट्यावर तर अजिबात नेऊ नये. कापसाचे वजन करणारा तो काटा गाडीचेही खरे वजन सांगून टाकतो आणि पावती हातात ठेवतो. हे चार प्रमाद घडले तर त्याच हजार-दोन हजारांच्या यंत्रातून बराचसा विश्वासार्ह आकडा निघतो आणि वर्षाचा आनंद जातो. म्हणून पानठेल्यावर कोणी आपल्या गाडीचे सेकंद सांगू लागला, तर आधी सरासरी, तापमान आणि धरमकाट्याची पावती मागावी. तिन्ही नसतील तर वाद घालू नये. सांगितलेल्या आकड्यात दोन सेकंद मिळवावेत आणि तोच त्या गाडीचा आकडा समजावा.